उद्घोषकाच्या यादीबाहेर : लोकप्रिय संगीतकार आणि थोरपणाचा प्रश्न

(शेलू येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी काही प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आवाज मागेपर्यंत येतोय ना? येतोय. मग सुरू करू या, कारण मला परतीची गाडी पकडायची आहे आणि आपली कर्जत लाइन कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही. (हशा)

संयोजकांनी मला विषय दिला तो असा, की लोकप्रिय संगीतकारांपैकी कुणाला आपण खऱ्या अर्थानं थोर सर्जक म्हणायचं? नुसतं ‘आवडतं’ म्हणून नाही, तर जसं आपण एखाद्या मोठ्या कवीला, चित्रकाराला, नाटककाराला थोर म्हणतो, तसं. विषय सोपा वाटतो. डब्यात रोज चालतो तो. वांगणी सुटली की कुणीतरी म्हणतो, बाबूजी ते बाबूजी. दुसरा म्हणतो, अहो, हृदयनाथांपुढे कुणी नाही. तिसरा कानातली वायर काढून म्हणतो, अजय-अतुल. नेरळ येईपर्यंत निकाल लागत नाही आणि माणसं उतरून जातात.

मी मात्र एकदा हा निकाल लावून मोकळा झालो होतो. बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी लेख लिहिला, मराठी सुगम आणि लोकप्रिय संगीतातले दहा थोर सर्जक. सुधीर फडके होते, गदिमा होते, श्रीनिवास खळे होते, वसंत प्रभू, हृदयनाथ मंगेशकर, राम कदम होते. लेख बरा झाला, चार फोन आले, मीही खूश. मग एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. “सर, तुमच्या यादीतलं एकही नाव आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला वाजत नाही. आमच्याकडे गाणी नाहीत काय?”

त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही. लिहिता आलं नाही, असं म्हणा. आजचं भाषण म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

यादी कुठून येते?

आधी मी स्वतःलाच विचारलं, की ही दहा नावं माझ्या डोक्यात आली कुठून? विचार करता करता लक्षात आलं, ती रेडिओवरून आली. आमच्या पिढीच्या कानात एक आवाज बसलाय. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमका. गाणं लागायच्या आधी तिन्ही नावं. मग रेकॉर्डच्या पाकिटावर तीच नावं, मग कॅसेटवर, मग पुरस्काराच्या पत्रिकेवर. माझी यादी ही माझी नव्हतीच. ती उद्घोषकाची यादी होती!

आता भोंग्यावरचं गाणं बघा. जत्रेत, गणपतीच्या मंडपात, जयंतीच्या मिरवणुकीत गाणं वाजतं, तिथे कोण सांगतं की गीत कुणाचं आणि चाल कुणाची? कुणीच नाही. गाणं वाजतं, दुसरं लागतं. म्हणजे ज्या गाण्याबरोबर नाव बोललं गेलं, त्याचा कर्ता ‘सर्जक’ झाला. ज्याच्याबरोबर बोललं गेलं नाही, तो झाला ‘पार्टीवाला’. हा गुणाचा निवाडा नाही. हा ध्वनिक्षेपणाचा निवाडा आहे.

अशी गडबड आपल्याकडेच होते असंही नाही. १९६३ साली लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये विल्यम मान या समीक्षकानं बीटल्सबद्दल गंभीरपणे लिहिलं. त्यात त्यानं अभिजात संगीताच्या परिभाषेतले भारदस्त शब्द वापरले. जॉन लेनननं नंतर हसत कबूल केलं, की ते शब्द म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. (हशा) पण त्या शब्दांमुळे लोकांना परवानगी मिळाली. २०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा किती आरडाओरडा झाला! जणू १९१३ साली ज्यांना ते मिळालं, त्या रवींद्रनाथांनी दोन हजारांवर गाणी स्वतः चाली लावून केलीच नव्हती. २०१८ मध्ये केन्ड्रिक लामार या रॅपरला संगीताचं पुलित्झर मिळालं. अभिजात आणि जॅझ यांच्या बाहेरच्या संगीताला ते पहिल्यांदाच मिळालं. म्हणजे दारं उघडतात. पण प्रत्येक वेळी दार उघडणारा कुणीतरी आत बसलेला असतो.

तेव्हा पुरस्कार, रेडिओ, यूट्यूबचे आकडे हे सगळं जरा बाजूला ठेवू या. आकड्यांनी गाणं मोठं होत नाही. पण एक लक्षात ठेवा, आकड्यांनी ते लहानही होत नाही. ‘सगळ्यांना आवडतं म्हणजे सवंगच असणार’ ही आपली सुशिक्षितांची जुनी खोड आहे. मी आज तीन साधे प्रश्न घेऊन आलोय. ते प्रत्येकाला लावून बघू.

पहिला, या माणसाच्या आधी जे नव्हतं, असं काही त्यानं आणलं का? दुसरा, त्याचं गाणं त्याच्याशिवाय उभं राहतं का? म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी, पेटी नसताना, सूर थोडा हलला तरी? तिसरा प्रश्न मला आपल्या कर्जत तालुक्यातच मिळाला. तो त्याच्या जागी सांगतो.

बाबूजी आणि गदिमा

१ एप्रिल १९५५. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं. ठरली होती बावन्न, त्या वर्षी अधिक मास आला म्हणून झाली छप्पन्न. १९ एप्रिल १९५६ ला संपलं. आज एखादी मालिका आठवड्याला एक भाग काढताना धापा टाकते. इथे दर आठवड्याला नवं काव्य, नवी चाल, नवा गायक बसवायचा आणि वेळेवर हवेत सोडायचा.

पहिल्या प्रश्नावर मी बाबूजींना पूर्ण गुण देणार नाही. रागावू नका. भावगीताची वाट जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांनी आधी पाडलेली होती. पण त्या वाटेवरून छप्पन्न गाण्यांची दिंडी नेता येते, हे नवं होतं. प्रत्येक गाणं एका पात्राच्या तोंडचं. कौसल्येचं दुःख वेगळं, शूर्पणखेचा संताप वेगळा. फडक्यांची चाल पात्राच्या स्वभावातून निघते. तीन मिनिटांच्या भावगीतात ही नाटकाची ताकद त्यांनी आणली.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र त्यांना पैकीच्या पैकी. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे असे कितीतरी आवाज होते. नंतर बाबूजी एकटेच मंचावर बसून सगळी पात्रं गाऊ लागले आणि काही बिघडलं नाही. हिंदी, कन्नड, गुजराती, संस्कृत अशा भाषांत त्याचे अनुवाद झाले, तेही मूळ चालीत बसतील असे. शब्द बदलले, भाषा बदलली, तरी चालीनं अंग धरून ठेवलं. चाल ही स्वतंत्र निर्मिती आहे, याला आणखी पुरावा कशाला हवा?

फक्त एक अट. हे थोरपण दोघांचं मिळून आहे. आपल्याला एकच नाव हवं असतं, एकच पुतळा. पण गदिमांच्या शब्दांची लय काढली तर चाल पांगळी आणि चाल काढली तर शब्द नुसते चांगले. लोकप्रिय संगीतात सर्जक हा बहुधा एकवचनी नसतो.

हृदयनाथ आणि आपला डोंगर

आता आपल्या भागात येऊ. १९७७ चा ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गोष्ट ठाकरांची. मोहन आगाशे नाग्या आणि स्मिता पाटील चिंधी. गाणी इतकी, की गोष्ट गाण्यांतूनच चालते.

पहिल्या प्रश्नावर हृदयनाथ माझ्या मते सगळ्यांच्या पुढे आहेत. ज्ञानेश्वर, सावरकर, सुरेश भट, ग्रेस, आरती प्रभू अशा एकमेकांशी पटणार नाही अशा कवींना एकाच माणसानं चाल दिली आणि प्रत्येकाची चाल वेगळी निघाली. ऐकणाऱ्याला वाटतं सूर इकडे जाईल, तो जातो भलतीकडेच, आणि गेल्यावर वाटतं, हो, इकडेच जायला हवा होता. ‘जैत रे जैत’मध्ये तर त्यांनी ढोलाच्या ठेक्यावर रानातला अंधार, मोहाचा वास, माणसांची भूक हे सगळं उभं केलं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गडी अडखळतो. त्यांची गाणी गायला कठीण. हौशी गायक मुखडा गातो आणि अंतऱ्याला घाम पुसतो. (हशा) हा दोष नाही, पण हे सत्य आहे. त्यांचं गाणं चांगल्या गळ्याची वाट बघतं.

आणि इथे मला तिसरा प्रश्न मिळाला. काही वर्षांपूर्वी मी इथल्याच डोंगराकडच्या एका ठाकरवाडीत गेलो होतो. ओटीवर बसलेल्या एका आजींना मी मोबाइलवर या सिनेमातली गाणी ऐकवली. खरं सांगायचं तर मला दाद हवी होती. आजींनी शांतपणे दोन गाणी ऐकली. म्हणाल्या, “गाना बेस हाय. पन आमचा नाय. आमच्यात यकटी बाय गात नाय. यक जन टाकतो, बाकीची झेलतात.”

टाकतो आणि झेलतात! संगीतावरची मोठमोठी पुस्तकं वाचून जे मला कळलं नव्हतं, ते दोन क्रियापदांत सांगून झालं. आजींच्या दृष्टीनं गाणं म्हणजे गळा नव्हे. गाणं म्हणजे देवघेव. चित्रपटात समूहाचे सूर आहेत, रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांचे आवाज आहेत. पण लक्षात राहते ती एकटी बाई आणि तिचं एकटेपण. ते मराठी भावगीताचं एकटेपण आहे, वाडीतलं नव्हे. शब्दांचंही तसंच. महानोर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडचे. त्या शब्दांत त्यांचं रान आहे, ते फार सुंदर रान आहे, पण ते इथलं नाही.

तेवढ्यात आजींचा नातू आला. आश्रमशाळेत शिकणारा. त्याला यातलं एक गाणं पाठ होतं, कारण गॅदरिंगला त्यावर नाच बसवला होता. आजी हसून म्हणाल्या, त्यासाठी ठाकराचा ड्रेस भाड्यानं आणावा लागला. आता यावर हसायचं की काय करायचं? (शांतता) ठाकराच्या पोरानं ठाकर दिसायला भाडं भरलं.

म्हणून माझा तिसरा प्रश्न असा आहे. ज्यांच्या जगण्यातून गाणं उचललं, त्यांच्याकडे ते परत जातं का आणि कोणत्या रूपात जातं?

मी हृदयनाथांना यातून बाद करत नाही. घेतलेलं जसंच्या तसं ठेवणं हे संग्राहकाचं काम, कलावंताचं नव्हे. त्यांनी ढोल घेऊन नवं काही केलं, म्हणूनच ते सर्जक. पण त्या निर्मितीत वाडीचा वाटा आहे आणि तो कुठल्याही पाकिटावर छापलेला नाही, एवढं तरी आपण मोठ्यानं म्हणायला हवं.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे

आता पोस्टकार्डाकडे. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत मजुरी केली. अक्षरओळख मोठेपणी झाली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि या माणसानं हजारो गाणी लिहिली, गायली, गावोगावच्या गायनपार्ट्यांना वाटून टाकली.

त्यांच्यावर आक्षेप दोन. पहिला, चाली उसन्या, सिनेमाच्या नाहीतर कव्वालीच्या. दुसरा, हे प्रचारगीत आहे. दोन्हींचा विचार करू.

चाल उसनी घेणं हा गुन्हा असेल, तर आपल्या सगळ्या भजनी मंडळांना अटक करावी लागेल. (हशा) माहीत असलेल्या चालीवर नवे शब्द बसवले, की शिकवायला वेळ लागत नाही. ज्या वस्तीत पेटी नाही, रेडिओ नाही, वाचणारे चार जण, तिथे एका रात्रीत गाणं पसरवायचं असेल तर हाच मार्ग. ही कमतरता नाही, ही युक्ती आहे. आणि त्यांची निर्मिती चालीत शोधायचीच नाही. ती शब्दांच्या नेमकेपणात आहे. दर ओळ अशी, की एकदा टाकली की झेलता यावी. आजींचीच कसोटी!

प्रचाराबद्दल म्हणाल, तर अभंगही प्रचारच करतात. प्रश्न असा, की प्रसंग सरल्यावर काय उरतं. निवडणुकीचं गाणं निवडणुकीबरोबर मरतं. वामनदादांचं गाणं तिसरी पिढी गाते, कारण त्यात नुसता जयजयकार नाही. राबणाऱ्याचा हिशेब आहे, आपल्याच माणसांना विचारलेले बोचरे प्रश्न आहेत.

आणखी एक गोष्ट. ते शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, संतकवींसारखं. मला याचा अर्थ उशिरा कळला. ज्याच्यासाठी उद्घोषक नाही, त्याला आपलं नाव गाण्यातच शिवून ठेवावं लागतं. पाकिटावर छापलेलं नाव पाकिटाबरोबर फाटतं. गाण्यात शिवलेलं नाव, गाणारा शेवटचं कडवं गाळेपर्यंत टिकतं.

प्रल्हाद शिंद्यांची गोष्ट वेगळी. कव्वालीच्या मंचावर घडलेला, खुला, उंच लागणारा आवाज. ते कवी नव्हेत, संगीतकार म्हणून नाव नाही. मग सर्जक कसे? उत्तर असं, की त्याच आवाजानं विठ्ठलाची गाणी घराघरात पोचवली आणि त्याच आवाजानं भीमगीतं. एकाच गावात आषाढीला तो आवाज वरच्या आळीत आणि चौदा एप्रिलला खालच्या वस्तीत. गावात ज्या दोन भोंग्यांची तोंडं एकमेकांकडे पाठ करून असायची, त्या दोन्हींतून तोच माणूस बोलत होता. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण गायकीतली निवड ही निर्मितीच असते. कुठे आवाज उघडा टाकायचा, कुठे शब्दावर थबकायचं, भक्ती आणि पुकार यांतलं अंतर किती ठेवायचं. हे चालीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही २००४ सालीच गेले. तेव्हा मी कितीतरी मृत्युलेख लिहीत असे. या दोघांवर एकही लिहिला नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

मग निकाल काय?

यादी करायचीच असेल, तर आज मी दहा नावं देणार नाही. तिन्ही प्रश्न लावल्यावर माझ्यापुरतं असं दिसतं. नवं आणण्यात हृदयनाथ पहिले. गाणं स्वतःच्या पायावर उभं करण्यात फडके–माडगूळकर ही जोडी पहिली. आणि तिन्हींत मिळून, ज्यांच्यातून उचललं त्यांनाच जसंच्या तसं परत देण्यात, वामनदादा. एकच नाव सांगा म्हणालात, तर मी वामनदादांचं सांगेन. हे पोस्टकार्डाचं प्रायश्चित्त म्हणून नाही. बाकी दोघांच्या मागे आकाशवाणी आणि स्टुडिओ होता, वाद्यवृंद होता. यांच्या मागे फक्त झेलणारे होते आणि तरीही गाणं पडलं नाही, म्हणून.

तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. फक्त डब्यात पुढच्या वेळी वाद घालाल तेव्हा स्वतःला विचारा, माझ्या तोंडात जी नावं आहेत, ती मला कुणी सांगितली?



प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, लताबाईंचं नाव नाही घेतलंत?

उत्तर : घेतो ना. गायिका म्हणून त्यांच्याबद्दल काय बोलायचं राहिलंय? पण सर्जक म्हणून आपण त्यांच्याकडे पुरेसं बघितलं नाही. ‘आनंदघन’ या नावानं त्यांनी संगीत दिलं. ‘साधी माणसं’ला पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे लोकांना सांगावं लागलं. त्या तिथेच बसल्या होत्या. तुम्ही म्हणाल हा विनय. असेल. पण बाईनं चाल बांधावी तर ती दुसऱ्या नावानं, हे मला अजून टोचतं. मोजक्या पाचेक चित्रपटांवर त्या थांबल्या. अजून दहा केले असते, तर माझा आजचा निकाल बदलला असता.

प्रश्न : अजय-अतुल तुमच्या कसोटीला उतरतात का?

उत्तर : ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘सैराट’नं गावागावांत पोरं नाचवली. लोकवाद्यांचा ठेका आणि मोठा वाद्यवृंद यांची त्यांनी केलेली मोट नवी आहे, पहिल्या प्रश्नाला पास. दुसऱ्याला काळ लागतो. वाद्यवृंद काढून घेऊन बघा. ज्या दिवशी आपल्या लोकलमधलं भजनी मंडळ नुसत्या टाळावर त्यांची चाल घेऊन अभंग म्हणेल, त्या दिवशी मला फोन करा.

(मागून आवाज : सर, म्हणतात की! सकाळच्या गाडीला!)

उत्तर : म्हणतात? (हशा, टाळ्या) मग माझी यादी पुन्हा एकदा चुकली. उद्या सकाळी मी त्याच डब्यात येतो. कितवा डबा, तेवढं जाताना सांगा.